'दूरदृश्य प्रणाली' : नावातून निसटलेला आवाज

'व्हिडिओ कॉन्फरन्सिंग'ला 'दूरदृश्य प्रणाली' हा शब्द मराठीत आता रूढ झाला आहे. तो सुटसुटीत आहे आणि शासकीय बातम्यांतून सर्वांच्या कानांवर पडलेला आहे. तरीही शिक्षकांनी तो एकदा तपासून पाहावा, असे आम्हांला वाटते. नाव भलत्याच गोष्टीवर बोट ठेवते, तेव्हा त्यावरून घेतलेले निर्णयही चुकू शकतात.

'दूरदर्शन' आणि 'दूरदृश्य' यांचा शब्दार्थ जवळजवळ एकच आहे. दूरदर्शनवर चित्र एकाच दिशेने येते. पाहणाऱ्याला उलट प्रश्न विचारता येत नाही. व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचा प्राण मात्र परतीच्या वाटेतच आहे. नव्या नावात दृश्य तेवढे आले. आवाज आणि परतीची वाट दोन्ही राहून गेली.

याचे महत्त्व कळण्यासाठी थोडे गणित करू. 640 गुणिले 480 बिंदूंचे चित्र, प्रत्येक बिंदूला 24 बिट आणि सेकंदाला 25 चित्रे धरली, तर सेकंदाला सुमारे 18 कोटी 43 लाख बिट होतात. एवढी माहिती मोबाइलवरून पाठवणे परवडणारे नाही. म्हणून 'कोडेक' ही यंत्रणा ती आवळते. शिक्षकामागची भिंत हलत नसेल, तर तिचे चित्र पुन्हा पुन्हा न पाठवता फक्त झालेला बदल पाठवते. अशा रीतीने काम सुमारे 5 लाख बिटांत भागू शकते. बोलण्याच्या आवाजाला मात्र 40 हजार बिटही पुरतात. म्हणजे धड्याचा मुख्य आधार असलेला आवाज चित्राच्या बाराव्या हिश्शाहून कमी जागा घेतो.

दुसरी उणीव 'नेट स्लो आहे' या सरसकट तक्रारीत आहे. तिच्यात तीन वेगळे दोष एकत्र येतात. बारा डब्यांच्या लोकलऐवजी पंधरा डब्यांची सोडली तर प्रवासी जास्त जातील, पण बोरिवलीहून चर्चगेट लवकर येणार नाही. डब्यांची संख्या म्हणजे बँडविड्थ. प्रवासाचा वेळ म्हणजे विलंब. गाड्या कधी लागोपाठ आल्या, कधी बराच वेळ आल्याच नाहीत, तर त्या अनियमितपणाला 'जिटर' म्हणतात. बँडविड्थ कमी पडली की चित्र धूसर होते, विलंब वाढला की दोघे एकाच वेळी बोलू लागतात, आणि जिटरमुळे आवाज तुटतो. दोष ओळखता आला, तरच उपाय सापडतो.

याचे उदाहरण उपनगरातच आहे. पवईच्या आयआयटी मुंबईने आपले वर्ग 2004 साली सोडलेल्या 'एज्युसॅट' या उपग्रहावरून दूरच्या केंद्रांना दाखवले. असा उपग्रह सुमारे 36 हजार किलोमीटर उंचीवर असतो. संदेश वर जाऊन खाली येण्यास जवळपास पाव सेकंद लागतो. प्रश्न आणि उत्तर दोन्ही उपग्रहामार्गे गेले तर अर्धा सेकंद. बँडविड्थ कितीही वाढवली तरी हा विलंब घटत नाही. पुढे याच संस्थेने अभियांत्रिकीच्या शिक्षकांसाठी 'ए-व्ह्यू' या प्रणालीवरून मोठ्या कार्यशाळा घेतल्या. व्याख्यान पवईहून थेट जाई, पण प्रात्यक्षिके त्या त्या केंद्रातील समन्वयकांच्या देखरेखीखाली होत. पडद्याला जे जमत नाही, ते माणसाकडे सोपवले होते. या योजनेतली शिकण्यासारखी गोष्ट आम्हांला हीच वाटते.

शालेय शिक्षकांच्या हाती मात्र 2020 साली बहुधा कोणते बटण कुठे आहे, एवढेच सांगणाऱ्या सूचना आल्या. कित्येक वर्गांत कॅमेरा चालू ठेवण्याची सक्ती झाली. तिचा हिशेब असा : सेकंदाला 5 लाख बिट म्हणजे तासाला 225 एमबी. चार तासांत विद्यार्थ्याचे चित्र पाठवण्यास 900 एमबी आणि शिक्षकाचे चित्र पाहण्यास 900 एमबी, एकूण 1800. दिवसाला दीड जीबीचा पॅक असलेल्या घाटकोपरच्या वस्तीतील मुलाचा चौथा तास पूर्ण होण्याआधीच संपतो. दोन भावंडांत एकच फोन असेल, तर दुसऱ्याला काही उरतच नाही. कॅमेरा बंद ठेवून फक्त आवाज पाठवला, तर त्याच चार तासांना 900 ऐवजी 72 एमबी लागतात. मूल वर्गात टिकते आणि प्रश्नही विचारू शकते.

चेहरे दिसल्याने शिक्षकाला मुलांचा अंदाज येतो, हे खरेच. पण त्यासाठी पाच मिनिटे कॅमेरा सुरू करता येतो. रूढ झालेला शब्द आता बदलेल असे नाही, आणि तसा हट्टही नाही. मात्र तो शिकवताना हा हिशेब फळ्यावर मांडावा. नववी-दहावीची मुले तो स्वतः करू शकतील. आणि कॅमेऱ्याची सक्ती करण्याआधी तो शिक्षकांनीही करून पाहावा.