स्विच : पाठातला आणि मोटारीतला

विद्युत परिपथाच्या पाठात स्विचला सहसा एकच वाक्य मिळते : तो परिपथ पूर्ण करतो किंवा खंडित करतो. आकृतीत एक तिरकी रेघ, की झाले. व्याख्या चूक नाही. पण तेवढ्यावर विसंबून मोटारीसाठी स्विच निवडता येत नाही, आणि का येत नाही हे पाठ सांगत नाही, ही आमची तक्रार आहे.

हेडलाइटचेच उदाहरण घेऊ. ६० वॉटचे दोन हॅलोजन दिवे, १२ व्होल्टची बॅटरी. १२० भागिले १२, म्हणजे १० अँपिअर. (घरच्या २३० व्होल्टवर एवढ्याच शक्तीला जेमतेम अर्धा अँपिअर लागतो.) विद्यार्थी '१० अँपिअरचा स्विच' असे उत्तर लिहितो आणि पूर्ण गुण मिळवतो. पण थंड टंगस्टनचा रोध तापलेल्या तंतूच्या सुमारे एक दशांश असतो. त्यामुळे स्विच लावताक्षणी, काही मिलिसेकंद का होईना, प्रवाह कित्येक पट वाढतो. पाठात रोध स्थिर धरलेला असतो. दिव्याला ते ठाऊक नसते!

स्विचच्या पॉइंटांचा रोध तर आपण शून्यच धरतो. काळ्या पडलेल्या पॉइंटांचा रोध ०.०५ ओहम झाला, तर १० अँपिअरला अर्धा व्होल्ट तिथेच खर्ची पडतो आणि एवढ्याशा जागेत ५ वॉट उष्णता निर्माण होते. घरी अर्धा व्होल्ट कुणाच्या लक्षातही येणार नाही. इथे तो १२ मधून वजा होतो. त्यात वायरींतली घट मिळवा. दिव्याची व्होल्टता १० टक्के घटली की उजेड सुमारे ३० टक्के घटतो. रात्री कडेने चालणारा माणूस चालकाला वेळेत दिसणार की नाही, हे त्यावर ठरते. मल्टिमीटर असेल तर दिवे चालू ठेवून स्विचच्या दोन टोकांमधील व्होल्टता जरूर मोजून पाहावी.

स्विच बंद करताना वेगळीच अडचण येते. घरचा एसी प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझायला मदत होते. बॅटरीच्या प्रवाहात ती सोय नाही. शिवाय हॉर्न किंवा पंख्याची मोटर असेल तर स्वप्रवर्तनाने ठिणगी लांबते. म्हणून स्विचवरचा '२५० व्होल्ट एसी'चा आकडा मोटारीला लावू नये, डीसीचा पाहावा.

वायरमन यावर रिले बसवतो. हाताच्या स्विचमधून रिलेच्या गुंडाळीपुरता ०.१५ ते ०.२ अँपिअर जातो. दिव्यांचे १० अँपिअर बॅटरीपासून जाड वायरीने, रिलेच्या दणकट पॉइंटांतून जातात. विद्युतचुंबकाच्या प्रकरणात शोभेल असे हे उदाहरण. तिथे मात्र बहुधा विजेची घंटाच वाजत असते.