रस्त्यावरील छायाचित्र आणि छायाचित्रकाराचें मन

छायाचित्र हें यंत्राचें काम. त्यांत काढणाऱ्याचें मन कोठून येणार, हा आक्षेप जुना आहे. भर रस्त्यांत अनोळखी माणसांचीं घेतलेलीं चित्रें तर या आक्षेपास विशेषच पात्र. तेथें प्रकाश आपल्या हातीं नसतो आणि माणसें क्षणांत निघून जातात. आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचें १९३२ सालचें, साचलेल्या पाण्यावरून उडी घेणाऱ्या माणसाचें चित्र प्रसिद्धीस आल्यापासून किती हौशी मंडळी डबक्याकांठीं दबा धरून बसलीं असतील! उडी सांपडते, स्वतःचें असें कांहीं सांपडतेंच असें नाहीं.

तें कोठें सांपडतें, हें आम्हांस व्हिव्हियन मायर यांचीं चित्रें पाहतांना थोडें कळलें. मायरबाई १९२६ सालीं न्यूयॉर्क येथें जन्मल्या व २००९ सालीं वारल्या. सुमारें ४० वर्षें त्यांनीं परक्यांच्या घरीं मुलें सांभाळलीं. त्यांनीं टिपलेलीं चित्रें १,००,००० हून अधिक भरतात. शेंकडों रिळें धुतलींही गेलीं नव्हतीं. कोठाराचें भाडें थकल्यामुळें २००७ सालीं सामानाचा लिलाव झाला, आणि हा ठेवा उजेडांत आला. ही हकीकत इतकी चटकदार आहे कीं, चित्रें पाहण्यापूर्वींच प्रेक्षक विरघळतो. रसिकानें ती घटकाभर बाजूस ठेवावी.

त्यांचा बराच काळचा सोबती म्हणजे चौकोनी चित्राचा रोलायफ्लेक्स कॅमेरा. तो डोळ्यास लावावयाचा नसतो; पोटाशीं धरून वरच्या कांचेंत पाहावयाचें असतें. पाहणाऱ्याची मान खालीं, भिंग मात्र कमरेच्या उंचीवरून समोर पाहतें. म्हणून फरच्या कोटांतली श्रीमंत बाई काय किंवा फाटक्या कपड्यांतला म्हातारा काय, दोघेही जरा उंच, जरा दूरस्थ दिसतात. मुलें तेवढीं समोरासमोर भेटतात. कमरेची उंची ही लहान मुलाच्या डोळ्यांची उंची! ती रोलायफ्लेक्स वापरणाऱ्या सर्वांसच मिळत होती, हें आम्हांस मान्य आहे. परंतु आयुष्यभर मुलाचा हात धरून चालणाऱ्या बाईनें तिचा जो उपयोग केला, तो उसना नव्हे. रडून डोळे पुसणाऱ्या पोराला तिनें गोंडस केलेलें नाहीं.

लोक त्यांचीं आत्मचित्रें अधिक खासगी मानतात. दुकानाच्या कांचेंत, आरशांत, गवतावरच्या टोपीच्या सावलींत त्या वारंवार दिसतात. हीं चित्रें चतुर आहेत, पण आमच्या मतें त्यांत बाई स्वतःस लपवितात. बांकांवर निजलेल्या, पाठमोऱ्या गरिबांचीं कांहीं चित्रें तर आम्हांस केवळ झडप वाटलीं.

खरी अडचण पुढेंच आहे. थोड्या प्रती त्यांच्या हयातींत निघाल्या. बाकीची निवड त्यांच्या मागून इतरांनीं केली. निवड हेंही कलावंताचें बोलणें असतें. मग ज्याला आपण मायरबाईंची शैली म्हणतों, तिच्यांत त्यांचा स्वर किती आणि निवडणाऱ्याचा किती? देखण्या पुस्तकापेक्षां आम्हांस एका रिळांतील १२ चित्रें, निघालीं त्याच क्रमानें, एका पानावर पाहावयास आवडतील: त्या पोराच्या आधीं बाई कोणापाशीं थांबल्या, कोणास सोडून पुढें गेल्या, आणि पोर रडावयाचें थांबल्यावर कॅमेरा कोठें वळला.