माकारियोची टर्की

धान निघालं, मंडया भरू लागल्या की वडशाच्या कंपन्यांची नाटकं झाडीपट्टीत गावोगाव रंगू लागतात. जवळपास त्याच दिवसांत, नोव्हेंबरच्या आरंभी, मेक्सिकोत मृतांचा सण असतो. रॉबेर्तो गावाल्दोनचा ‘माकारियो’ (१९६०) त्याच सणाच्या तोंडावर सुरू होतो. नागभीडच्या माणसाने हा जुना, कृष्णधवल, स्पॅनिश सिनेमा मुद्दाम मिळवून पाहावा का? पाहावा. नायक जंगलातली मोळी गावात नेऊन विकतो, एवढ्यानेच तो आपला वाटतो. पण सिनेमा पकडतो तो त्याच्या भुकेने.

वाट्याला आलेला घास पोरांकडे सरकवणारा हा माणूस एक दिवस अडून बसतो: अख्खी टर्की एकट्याने खायला मिळेल तेव्हाच जेवीन! दुसऱ्यांचे कपडे धुणारी बायको गुपचूप टर्की चोरून आणते आणि शिजवते. पीना पेलिसेरने ही बायको अगदी कमी बोलून उभी केली आहे. नवऱ्याच्या हट्टावर ती चिडत नाही, आणि तेच जिव्हारी लागतं.

मग रानात एकेक पाहुणा वाटा मागायला येतो. सैतानाला माकारियो हाकलतो. देवालाही नकार देतो. तिसरा, हडकुळा शेतकरी, म्हणजे साक्षात मृत्यू. त्याला मात्र मुकाट्याने अर्धी टर्की देतो. का? हा आला की घास गिळायलाही उसंत मिळत नाही. तो खात बसेल तोवर आपलंही खाऊन होईल! इग्नासिओ लोपेस तार्सो हे कारण भोळसट चेहऱ्याने सांगतो. मंडईच्या रात्री या जागेवर हमखास हशा पिकला असता.

मृत्यू त्याला रोगी बरं करणारं पाणी देतो, पुढे धर्मपीठाची चौकशी लागते आणि कथा जरा ढिली पडते. तिला सावरतो गाब्रिएल फिगेरोआचा कॅमेरा. गुहेत असंख्य मेणबत्त्या, एकेक ज्योत म्हणजे एकेक आयुष्य. काही ताठ, काही विझायला आलेल्या. रंगीत फिल्मवर हा अंधार इतका दाट उतरला नसता.

परभाषी चित्रपटाच्या ऑस्कर नामांकनापर्यंत पोहोचलेला हा पहिला मेक्सिकन सिनेमा. लांबी जेमतेम दीड तास; रात्रभर नाटक पाहणाऱ्या आपल्या लोकांना तेवढ्याचं काय!