मास्तरच्या कामाची यादी

'बनगरवाडी' मी पहिल्यांदा अकरावीत वाचली, दुष्काळाची कादंबरी म्हणून. दुसऱ्यांदा वाचली ती २०२०च्या लॉकडाऊनमध्ये, जळकोटला घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करताना. या वेळी ती मला नोकरीची कादंबरी वाटली.

व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ साली आली. तिच्याविषयी बोलताना आपण माणदेश, धनगरांचं जगणं, निवेदनातला संयम यांविषयी बोलतो. ते योग्यच आहे. पण तिचा निवेदक राजाराम विठ्ठल सौंदणीकर हा औंध संस्थानातला कोवळ्या वयाचा शिक्षक आहे, आणि कादंबरी सुरू होते ती तो नेमणुकीच्या गावी चालत निघतो तिथून. ही नोकरी त्यानं आवड म्हणून शोधलेली नाही. गावात शाळा आहे, पण पोरं मेंढरांमागे रानात.

मग काय घडतं? लोक मास्तरकडे कामं घेऊन येऊ लागतात. पत्र लिहून दे, जुनी नाणी मोडून आण, भांडण मिटव, चोळी शिवून आण. नेमणुकीच्या कागदावर यातलं एकही काम नसणार. पुढे तर तो स्वतःच गावाला तालीम बांधायला लावतो आणि सगळी वाडी त्यासाठी राबते. मास्तर त्या वाडीचा होतो तो या बिनपगारी कामांतून. वर्गातली मेहनत मात्र माडगूळकर फार थोडी दाखवतात. एखादं पोर अक्षर ओळखायला लागतं तेव्हा काय होतं, हे मला आणखी वाचायचं होतं. नोकरीच्या कादंबरीत खुद्द नोकरीच मागे राहते, ही उणीव मला जाणवते.

तरीही ती मला लागली, त्याला कारण होतं. कंपनीत दोन वर्षं ज्या प्रणालीवर मी राबलो, ती वापरात येण्याआधीच बंद झाली. पगार वेळेवर होत होता, कुणी वाईट वागलं नव्हतं. ती वापरणारा माणूस मात्र मी कधी पाहिलाच नव्हता. जुलैत पीकविम्याची मुदत जवळ आली, तसे शेजारचे लोक सातबारा, आधार, पासबुक घेऊन ओट्यावर येऊ लागले. "दादा, एवढा फारम भरून दे की." सोयाबीनचं क्षेत्र भरायचं, खातं नंबर तपासायचा. यात माझी पदवी कुठेच लागत नव्हती. पण पावती मोबाइलवर आली की माणूस ती दोनदा निरखून बघायचा, आणि मला दिवसभराच्या कोडिंगपेक्षा त्या अर्ध्या तासात जास्त बरं वाटायचं.

नेमाड्यांचा चांगदेव पाटील 'बिढार'पासून 'झूल'पर्यंत गावं आणि कॉलेजं बदलत राहतो. माझ्या पिढीला तो जवळचा वाटतो. आपणही नोकरी बदलून समाधान शोधतो. राजाराम जागा बदलत नाही, कामाची यादी वाढू देतो.

मग नोकरी सोडून गावी यावं का? कादंबरी इथं भुलवत नाही. मास्तर फुकट कामं करू शकतो, कारण पगार संस्थान देतं. गावाची मायाही कच्ची असते: अंजीच्या चोळीचं निमित्त होतं आणि जीव लावणारा कारभारी संशय घेतो. शेवटी पाऊस दडी मारतो, मेंढरं मरतात, वाडी ओस पडते आणि शाळेला पोरं उरत नाहीत. आमच्या तालुक्यातल्या तांड्यांवरून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला टोळ्या निघतात, त्यामुळे तो शेवट मला जुना वाटत नाही. चांगलं काम माणसाला समाधान देतं, पण ते गाव वाचवू शकेलच असं नाही. माडगूळकर हे सांगतात आणि मास्तरनं केलेलं वायाही घालवत नाहीत.

पुण्याला परतल्यावर मी मॅनेजरकडे एकच मागणी केली: आपण ज्यांच्यासाठी हे बनवतो, त्यांचे तक्रारीचे फोन आठवड्यातून एक दिवस मला घेऊ द्या. दर शुक्रवारी मी ते घेतो. बाकीचे चार दिवस अजून तसेच आहेत.