भीतीविना भुते : एका पुस्तकाचे परीक्षण

दिवाळीच्या सुट्टीनंतर अकरावी विज्ञानच्या एका विद्यार्थिनीने एक इंग्रजी पुस्तक माझ्या टेबलावर ठेवले. "सर, यात प्रेमकथा आहे आणि साथीचा रोगही आहे. आपल्या वाचन मंडळात घेऊ या का?" पुस्तक होते 'प्राइड अँड प्रेज्युडिस अँड झॉम्बीज'. जेन ऑस्टेनच्या १८१३ सालच्या कादंबरीत सेथ ग्रॅहम-स्मिथ या अमेरिकन लेखकाने चालती प्रेते घुसवली आणि २००९ मध्ये हे पुस्तक आले. ते खूप खपले आणि २०१६ मध्ये त्यावर चित्रपटही निघाला. मी मोठ्या आशेने वाचायला घेतले. साहित्य आणि विज्ञान एकाच तासाला शिकवण्याची संधी रोज थोडीच मिळते!

कल्पना अशी, की इंग्लंडवर एका विचित्र साथीचे संकट आहे. मेलेली माणसे उठतात आणि जिवंतांना चावतात. बेनेट घराण्यातील पाच बहिणी चीनमध्ये जाऊन युद्धकला शिकून आल्या आहेत. बाकी मजकूर बहुतांशी ऑस्टेनचाच आहे. पहिली वीस पाने हसू येते. पुढे मात्र एक गोष्ट खटकू लागते. नृत्याच्या कार्यक्रमात प्रेते खिडक्या फोडून आत येतात, माणसे मरतात आणि घरी परतल्यावर आईसाहेब कोण कोणाबरोबर नाचले याच्याच गप्पा मारतात. हा विनोद एकदा चालतो, पण इथे तो तीनशेहून अधिक पाने चालवला आहे.

खऱ्या भीतीत माणूस असा वागत नाही, हे आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. २०१८ मध्ये राळेगाव-पांढरकवडा भागात टी-१ वाघिणीचा वावर होता. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. २ नोव्हेंबरच्या रात्री तिला गोळी घालण्यात आली, तोवर त्या गावांचे वेळापत्रकच बदलले होते. शेतात एकट्याने जायचे नाही, हातात काठी हवी, दिवस मावळण्याआधी घर गाठायचे. एका जनावराने एवढे बदलले. आणि इथे देशभर प्रेते फिरत असताना कुणाच्या चहाची वेळसुद्धा चुकत नाही.

आता साथीचे पाहू. चावलेला प्रत्येक जण आठवड्याला फक्त एकाला चावतो असे धरा. एकाचे दोन, दोनाचे चार. चोविसाव्या आठवड्याला आकडा १ कोटी ६७ लाखांवर जातो. १८११ च्या जनगणनेत ब्रिटनची लोकसंख्या सुमारे सव्वा कोटी होती! म्हणजे सहा महिन्यांत नाचायला कुणी उरत नाही. अर्थात खऱ्या साथी अशा वाढत नाहीत, कारण लागण होऊ शकणारी माणसे कमी होत जातात. २००९ मध्येच कॅनडातील काही गणितज्ञांनी झॉम्बींच्या साथीचे समीकरण मांडले होते, थट्टेने पण नीट गणित करून. लेखकाने आपल्या साथीला एवढे तरी नियम द्यायला हवे होते. त्याची प्रेते फुलकोबीला मेंदू समजून फसतात. ते वाचून मुले हसतील, पण त्यातून पुढे काही निघत नाही.

एक अपवाद आवर्जून सांगतो. एलिझाबेथची मैत्रीण शार्लट हिला प्रेत चावते. रोग अंगात हळूहळू भिनणार हे तिला ठाऊक आहे, म्हणून उरलेले दिवस सुखात जावेत या हिशेबाने ती कॉलिन्ससारख्या मूर्खाशी लग्न करते. इथे रोग आणि लग्न या दोन गोष्टी खरोखर एकमेकींत गुंतल्या आहेत. चावा आणि लक्षणे यांमध्ये मोठा काळ जाणे हे तर रेबीजचेच वैशिष्ट्य. त्या मधल्या काळामुळेच चावल्यानंतर दिलेली लस उपयोगी पडते, आणि १८८५ मध्ये पाश्चरने जोसेफ मायस्टरला वाचवले तेही त्याच बळावर. पण लेखक शार्लटची वाचा अडखळवतो, तिचे ओंगळ खाणे रंगवतो आणि विषय सोडून देतो.

मूळ कादंबरीत राक्षस नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी ती पुन्हा वाचावी. पाच मुली, मुलगा नाही, म्हणून वडिलांच्या मागे घर आणि जमीन दूरच्या पुरुष नातेवाइकाकडे जाणार. आपल्याकडे महाराष्ट्रात १९९४ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला वाटा आहे. तरी तलाठ्याकडे बहिणीची हक्कसोड किती सहज होते, ते वर्गातल्या मुली जाणतात. मी त्यांना बेनेट कुटुंबाची अडचण दोन वाक्यांत सांगितली, तेव्हा एकीनेही 'का?' असे विचारले नाही.

गंमत अशी, की भुतांची थट्टा ऑस्टेनने स्वतःच करून ठेवली आहे. 'नॉर्दँगर ॲबी'ची नायिका भयकथा वाचून वाचून जुन्या कपाटातला गूढ कागद थरथरत्या हाताने बाहेर काढते आणि सकाळी पाहते तर ती धोब्याची यादी! हे पुस्तक डिसेंबर १८१७ मध्ये आले आणि लगेच जानेवारी १८१८ मध्ये मेरी शेलीचे 'फ्रँकेन्स्टाइन'. त्यातला राक्षस आपल्या निर्मात्यालाच जाब विचारतो.

पुस्तक त्या मुलीला परत केले. वाचन मंडळात शार्लटची प्रकरणे तेवढी घेऊ, सोबत रेबीजचा धडा, आणि पुढच्या महिन्यात 'फ्रँकेन्स्टाइन' असे ठरले आहे. तिला हे फारसे पटलेले नाही. तिचे म्हणणे, मारामारी चांगली होती.