एक फेरा, एक मिलिमीटर

ब्रेक लिव्हरच्या तोंडाशी, तार जिथं आत शिरते तिथं, बोटाच्या पेराहून लहान असा एक पोकळ स्क्रू बसवलेला असतो. दुकानात त्याला अॅडजस्टर म्हणतात. त्याच्या अंगावर एक पातळ गोल चेकनट, आणि डोक्यावर बोटांना पकड मिळावी म्हणून कोरलेल्या रेघा. ब्रेक ढिला झाला तर पाना न शोधता, नुसत्या चिमटीनं तो सावरता येईल अशी सायकलवरची ही जागा. जुन्या काळ्या सायकलींच्या सळयांच्या ब्रेकला सहसा ही सोय नव्हती; तिथं नट सैल करा, सळई सरकवा, पुन्हा आवळा, असा सगळा मामला.

त्याची खरी गंमत अशी, की तार घट्ट करण्यासाठी तो तारेला हातच लावत नाही. अर्नेस्ट बोडेन यानं 1896 साली ब्रिटनमध्ये ज्या केबलचं पेटंट घेतलं, तिच्यात तार आतून जितकी ओढते तितकंच बाहेरचं आवरण, म्हणजे आऊटर, उलट्या बाजूनं रेटतं. तार ओढली जाते हे सगळ्यांना दिसतं, आऊटरचं रेटणं कुणाच्या लक्षात येत नाही. अॅडजस्टर या दुसऱ्या, न दिसणाऱ्या बाजूचा आहे. तो बाहेर आला की आऊटर तेवढं मागं हटतं, तारेची वाट लांबते, आणि तार आपोआप ताणली जाते. ज्याला घट्ट करायचं त्याला सोडून शेजाऱ्याला सरकवण्याची ही युक्ती मला फार आवडते.

हिशेबही देखणा आहे. नेहमीच्या सरळ हँडलच्या लिव्हरवर अॅडजस्टर दहा मिलिमीटर जाड असतो आणि त्याचे आटे एक मिलिमीटर अंतरावर. म्हणजे एक पूर्ण फेरा, एक मिलिमीटर तार. रिमच्या दोन बाजूंना उभे असलेले व्ही ब्रेकचे दोन हात ते अंतर आपसांत वाटून घेतात, आणि ब्रेकचा रबरी गुटका हाताच्या खालच्या भागात बसलेला असल्यानं त्याच्या वाट्याला येतो साधारण अष्टमांश मिलिमीटर. चिमटीतल्या एका फेऱ्याचा रिमपाशी एवढाच परिणाम! इतका बारीक ताबा हाती असल्यावर गुटका रिमच्या अगदी जवळ आणूनही तो घासत नाही.

आणि तुटतो तोही नेमका हाच. तार बाजूनं काढता यावी म्हणून त्याच्या लांबीभर खाच कापलेली असते; सोयीपायी ताकद दिली. त्यात तो बराच बाहेर काढून ठेवलेला असेल आणि सायकल त्या अंगावर पडली, की लिव्हरच्या तोंडाशीच मोडतो. अर्धा हातात, अर्धा आट्यांत अडकलेला.

इथून दुरुस्तीचा रस सुरू होतो. नवा लिव्हर बसवणं हा सरळ उपाय आहे, त्यात चूक काही नाही, पण त्यात बघण्यासारखंही काही नाही. छत्रपती संभाजीनगरात औरंगपुरा-पैठण गेटच्या बाजूला फुटपाथला टेकून असलेल्या दुकानांत अजून दुसरा उपाय पाहायला मिळतो. कसलेला मिस्त्री आधी तार काढतो. मग तुकड्याच्या तोंडात तेलाचा थेंब सोडतो आणि वाट बघतो. पक्कड घालायला वर काही उरलेलंच नसतं. म्हणून तो जुन्या कानशीचं निमुळतं शेपूट त्या पोकळीत हलकेच ठोकतो. चौकोनी कडा आतून रुततात. मग डावीकडे फिरवायचं. ज्या पोकळपणानं तो स्क्रू कमजोर केला, तोच पोकळपणा आता त्याला बाहेर काढायला मूठ देतो. ठोका जरा जास्त पडला तर तुकडा फुगून आणखी घट्ट बसेल. ठोक्याचं माप मिस्त्रीच्या मनगटात असतं, पुस्तकात नाही.

तुकडा निघाला की भंगाराच्या डब्यातून दुसरा अॅडजस्टर निघतो. इथं घाईचा माणूस फसतो. हार्डवेअरच्या दुकानातला दहाचा साधा बोल्ट दिसायला तसाच, पण त्याचे आटे दीड मिलिमीटरचे. तो एखादा फेरा जाईल, मग अडेल, आणि जोर केला तर लिव्हरच्या मऊ अॅल्युमिनियमचे आटे सोलून काढील. वाळूज आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींनी या शहराच्या हातांना आट्यांचा अंदाज दिला आहे. 1985 साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, भोवती लेथची वर्कशॉप उभी राहिली. दुचाकींचे ब्रेक बनवणारी एन्ड्युरन्सही तिथलीच. त्यामुळे भोक फारच खराब झालं असेल तर आटे पाडणारा योग्य टॅप फिरवून देणारा माणूस शोधायला इथं लांब जावं लागत नाही.

पण मला दाद द्यावीशी वाटते ती पुढच्या एका हालचालीला. नवा अॅडजस्टर भोकावर टेकवून मिस्त्री तो आधी उलटा फिरवतो. डावीकडे, हळू. कुठंतरी बारीक ‘टक्’ होतं: आट्याचं टोक आट्याच्या टोकावरून खाली उतरलं. तेवढं बोटांना कळलं की मगच उजवीकडे. आता तो जोर न लावता शिरतो. तिरका बसण्याची भीती त्या उलट्या फिरवण्यात संपते. मैफलीत सूर लावण्याआधी गवई तंबोऱ्याला कान देतो, तसलंच हे ऐकणं.

बाकीचं भराभर. अॅडजस्टर पूर्ण आत, मग दोन फेरे बाहेर, म्हणजे पुढं घट्ट आणि सैल दोन्हीला जागा राहते. तार घालून झाल्यावर अॅडजस्टर, चेकनट आणि लिव्हर यांच्या खाचा एका रेषेत ठेवायच्या नाहीत, नाहीतर तार बाहेर उडी मारील. खालची तार ओढून बोल्ट आवळायचा. मग लिव्हर चांगला सात-आठ वेळा करकचून दाबायचा. आऊटर आपापल्या जागी बसतं आणि लपलेली ढिलाई उघड होते. खुलताबादहून दौलताबादकडे घाट उतरणाऱ्यानं तरी ही पायरी गाळू नये. चेकनट सगळ्यात शेवटी, आणि बोटांनीच.

सायकल परत देताना मिस्त्री इथल्या दखनी वळणात सांगतो, “चार दिन बाद आधा चक्कर तुमीच घुमा लेना.” तार बसेल, ब्रेक किंचित ढिला पडेल, हे त्यानं धरलेलंच असतं. त्यासाठी पुन्हा दुकानात यायचं नाही, हेही.