सोन्याच्या चौकटीतली मायबोली

सजवलेले हस्तलिखित समोर आले की डोळा आधी सोन्यावर जातो. अक्षराची पाळी मागाहून येते आणि अर्थाची तर कधी कधी येतच नाही. अली शेर नवाई या तुर्की कवीच्या पहिल्या दिवाणाचे, म्हणजे गझलसंग्रहाचे, एक जुने हस्तलिखित सेंट पीटर्सबर्गच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. रसिक वाचकांनी त्याच्याकडे जरा उलट्या क्रमाने पाहावे, एवढीच माझी विनंती.

हे पुस्तक १४६५-६६ मधले. नवाई हेरातचा, जन्म १४४१ चा. म्हणजे कवी तेव्हा जेमतेम पंचविशीचा. त्याचा बालमित्र हुसेन बायकरा हेरातच्या तख्तावर बसला तो १४६९ मध्ये. तेव्हा हे सोने मित्राच्या राजकृपेचे नव्हे. चाहत्यांनी गझला गोळा केल्या आणि त्या उतरवून काढल्या मशहदच्या सुलतान अलीने. हाच पुढे नस्तालीक लिपीचा थोर उस्ताद म्हणून नावाजला.

त्या काळी सुंदर पुस्तक म्हणजे फारसी पुस्तक, असा रिवाज होता. तुर्की ही घरची आणि छावणीची बोली. तिला असे अक्षर लाभावे, हीच मोठी गोष्ट होय.

पण कविता त्या अक्षराच्या तोलाची आहे काय? मेणबत्ती आणि पतंग, बुलबुल आणि गुलाब ही सामग्री उसनीच. तरुण कवी फारसी उस्तादांच्या ओसरीवर बसलेला स्पष्ट दिसतो. त्याचे स्वतःचे धन आहे ते क्रियापदांत. पुढे १४९९ मध्ये दोन भाषांची तुलना करताना त्याने दाखवून दिले की, रडण्याच्या निरनिराळ्या तऱ्हांना तुर्कीत वेगवेगळे शब्द आहेत. स्फुंदणे, मुसमुसणे, हंबरडा फोडणे यांतला फरक जाणणाऱ्या मराठी वाचकाला हे का समजावून सांगायला हवे?

उतारवयात नवाईने आपल्या गझला आयुष्याच्या चार अवस्थांप्रमाणे चार दिवाणांत नव्याने लावल्या. प्रौढाने तरुणाचे घर आवरले म्हणा ना! ते आवरण्यापूर्वीचे घर या हस्तलिखितात जसेच्या तसे उभे आहे. सोन्याहून मोलाचे आहे ते हेच.